‘इथं कुणी आहे का?’

गेल्या जूनमध्ये रात्री साडेदहाच्या पुढं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज दबका, मागं पंख्याची घरघर. “सर, नाव सांगत नाही. चालेल का?” मी म्हटलं, चालेल. मग बराच वेळ तो काहीच बोलला नाही आणि मीही घाई केली नाही, कारण ती शांतता माझ्या ओळखीची आहे. मुलगा बारावी झालेला, आमच्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. कुणा मित्राकडून माझा नंबर मिळालेला. मी समलिंगी आहे आणि ते लपवत नाही, एवढ्या एका गोष्टीमुळं असे फोन मला येतात. मी समुपदेशक नाही. मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो.

त्याचं बोलून झाल्यावर मी नेहमीची यादी सांगायला लागलो. मुंबईत हमसफर ट्रस्ट आहे. त्यांचा तरुणांसाठी ‘यारियां’ नावाचा गट आहे. पुण्यात दोन-तीन संस्था आहेत, त्यांच्या भेटीगाठी होत असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनसेवा आहे. तो शांतपणे ऐकत राहिला. यादी संपल्यावर म्हणाला, “ते सगळं मी शोधलंय सर. इथं कुणी आहे का?”

त्याच्या ‘इथं’ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मला वाटायला लागलं की ‘मदत उपलब्ध आहे’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. मदत कुठं उपलब्ध आहे, कोणत्या भाषेत, आणि तिथं जायचं तर घरी काय सांगून निघायचं, हे आपण विचारतच नाही. माझं म्हणणं असं की समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी माणसांसाठीचा मानसिक आधार जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आणि तालुक्याच्या गावात, मराठीतून मिळायला हवा. तो देण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि त्यासाठी लागणारं बरंचसं आधीच आपल्या गावात उभं आहे. वापरलं जात नाही, ही अडचण आहे.

आधी जे झालंय त्याबद्दल. ते थोडं नाही. १९९० साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी माणसांसाठीचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. १९९५ मध्ये मुंबईतल्या स्त्रियांनी ‘स्त्री संगम’ हा गट बांधला, तोच आज ‘लेबिया’ म्हणून काम करतो. २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीत, साध्या माणसाला कळेल असं लिहायला सुरुवात केली. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. सांगलीत संग्राम संस्थेच्या सावलीत ‘मुस्कान’ उभी राहिली. आई-वडिलांचा ‘स्वीकार’ हा गट आहे. यातल्या कुणीही हे काम सोयीचं म्हणून केलेलं नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर टांगलेलं असताना कार्यालयाला जागा भाड्यानं मिळवणं म्हणजे काय, हे त्यांनाच विचारावं.

पण नकाशा पुढ्यात घेऊन ही नावं त्यावर मांडून बघा. मुंबई, पुणे, सांगली, मग एकदम नागपूर. मधल्या पट्ट्यात, म्हणजे जालना, बीड, परभणी, हिंगोली, वाशीम इकडं, माझ्या पाहण्यात जे काही आहे ते एखाद्या धडपड्या माणसाच्या जिवावर, नाहीतर एचआयव्ही प्रकल्पाच्या आसऱ्यानं चालतं. माणूस बदलून गेला की गट संपतो. प्रकल्प बंद झाला की खोलीला कुलूप.

एचआयव्हीची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण आजचा आधाराचा नकाशा असा का आहे ते तिच्यात दडलंय. नव्वदच्या दशकापासून या कामाला पैसा आला तो बहुतेक एड्स नियंत्रणाच्या वाटेनं. त्या पैशानं निरोध वाटले गेले, तपासण्या झाल्या, प्रकल्पात ‘पीअर’, म्हणजे आपल्यातलाच कार्यकर्ता, म्हणून कोती मुलांना (बायकी वळणाच्या, पुरुषांकडं ओढा असलेल्या मुलांना), तृतीयपंथीयांना पहिल्यांदा मानधन मिळालं, बसायला एक खोली मिळाली. त्या खोलीत चहा व्हायचा, साडी नेसून बघता यायची, रडता यायचं. कागदावर तिचं नाव काहीही असो, आमच्यासारख्यांना तीच घर होती. तिचं ऋण मी कधी नाकारणार नाही. मात्र त्या वाटेनं आधार तिथंच पोचला जिथं विषाणूचा धोका मोजला जात होता. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया त्या हिशेबात कधी आल्याच नाहीत. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पारलिंगी पुरुष आले नाहीत. त्यामुळं आजही एखाद्या तालुक्यात कोती मुलाला सांगायला एखादा तरी पत्ता असतो. एकमेकींवर जीव जडलेल्या दोन मुलींना सांगायला तोही नसतो. आणि ज्याला लागण होण्याची भीती नाही पण जगायची इच्छा उरलेली नाही, तो कोणत्या प्रकल्पात बसतो?

आमच्याकडं, सोलापूर-कोल्हापूरच्या बाजूलाही, जोगत्यांची परंपरा आहे. यल्लम्माला वाहिलेला जोगता परडी घेऊन, चौंडकं वाजवत दारात आला की बाया ओटी भरतात, पाया पडतात. गाव त्याला जागा देतं. याकडं बोट दाखवून ‘आपल्या संस्कृतीत स्वीकार होताच की’ म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. स्वीकार होता, पण एकाच साच्यात. देवीचं व्हायचं, साडी नेसायची, जोगवा मागायचा, पोटापाण्याचा दुसरा विचार करायचा नाही. ज्याला पँट-शर्ट घालून एमआयडीसीत नोकरी करायची आहे आणि एका पुरुषाबरोबर संसार करायचा आहे, त्याला हा साचा उपयोगाचा नाही. तरी या परंपरेनं एक गोष्ट सिद्ध केलेली आहे: खेड्यातली माणसं वेगळेपणाला घाबरून पळून जात नाहीत. त्यांना ते ओळखीच्या भाषेत सांगितलेलं असलं पाहिजे.

आता माझं. २००१ साली, मी बाविशीचा असताना, वडील मला जिल्ह्याच्या गावी एका मानसोपचारतज्ज्ञाकडं घेऊन गेले. मी जेवत नव्हतो, झोपत नव्हतो. डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि विचारलं, “काय ते खरं सांग, माझ्याजवळच राहील.” आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य मोठ्यानं बोललो. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, वडिलांना आत बोलावलं आणि मी चपला घालेपर्यंत वडिलांना सगळं कळलेलं होतं. वर सल्ला, “लग्न उरकून टाका, होईल नीट.” परतीच्या एसटीत तीन तास आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. वडील पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते.

लग्न मी केलं नाही. माझ्यासारख्या किती जणांनी केलं, ते मला ठाऊक आहे. त्या सल्ल्याची किंमत नवरा मोजतो त्याहून जास्त त्या घरात आणलेली मुलगी मोजते. तिला कुणी विचारलेलं नसतं, आपल्यात काय खोट आहे म्हणून नवरा जवळ येत नाही या विचारात ती झिजते. ‘लग्न लावा’ म्हणणाऱ्या डॉक्टरच्या केसपेपरवर तिचं नाव कधी येत नाही.

पुढं तीन वर्षांनी, शिष्यवृत्तीच्या कागदांचं काम आहे असं घरी सांगून, रात्रीची एसटी धरून मी पहाटे स्वारगेटला उतरलो आणि पुण्यातल्या एका भेटीला गेलो. खोलीत दहा-बारा जण होते. एकानं विचारलं, “नाश्ता केलास का?” मला वाटतं, माझा उपचार तिथून सुरू झाला. पण मी जाऊ शकलो. खिशात तिकिटापुरते पैसे होते, मी पुरुष होतो, रात्रीचा प्रवास एकट्यानं करणं माझ्या बाबतीत कुणाला खटकत नव्हतं. माझ्याच वर्गातल्या एका मुलीला माझ्यासारखंच काही वाटत होतं, हे मला वीस वर्षांनी कळलं. ती कोणत्या कागदांचं काम सांगून निघाली असती?

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १८ वाचा. लैंगिक कल किंवा लिंगभाव यावरून भेदभाव न करता मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. इथवरचं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच कलमात पुढं आहे ते कुणी फारसं सांगत नाही: सेवा घेण्यासाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, ती राहत्या जागेजवळ मिळावी, किमान सेवा प्रत्येक जिल्ह्यात असाव्यात आणि नसतील तर त्या जिल्ह्यात दुसरीकडं घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसावा. याच कायद्याच्या कलम २३ नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. म्हणजे माझी ती रात्रीची एसटी आणि त्या डॉक्टरांची ती तत्परता, दोन्ही आज कायद्याच्या विरुद्ध ठरतील. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं ३७७ मधला आमच्यावरचा गुन्हा पुसला, तो दिवस सगळ्यांनी साजरा केला. त्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी निकालाला व्यापक प्रसिद्धी द्यायला आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, वेळोवेळी प्रशिक्षण द्यायलाही सांगितलं होतं. त्याची आठवण आमच्या जिल्ह्यात मला कुठं दिसलेली नाही.

“आजार नाही म्हणता, मग दवाखान्याची भाषा कशाला?” हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारला, आणि तो मनापासून विचारलेला होता. समलिंगी असणं हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच आपल्या यादीतून काढून स्पष्ट केलं. आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, २०१८ मध्ये तेच सांगितलं. पण जिन्यावरून कुणी ढकललं आणि पाय मोडला तर माणसाला दवाखान्यातच न्यावं लागतं. त्याच्या चालण्यात दोष होता म्हणून नेत नाहीत. लहानपणापासून ‘बायल्या’ ऐकत मोठं झालेलं मूल, घरात कोंडलेली मुलगी, नाव बदलायचं म्हटल्यावर बापानं मारलेला मुलगा, यांना झालेली इजा खरी असते.

ही इजा किती मोठी आहे, याचा आकडा आपल्याकडं निघत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात कारणांचे रकाने असतात: कौटुंबिक समस्या, प्रेमप्रकरण, लग्नासंबंधी प्रश्न, आजारपण. तृतीयपंथीयांची वेगळी नोंद आता होते. पण लग्न ठरल्यावर आठ दिवसांत विहीर जवळ केलेला समलिंगी मुलगा यातल्या कोणत्यातरी रकान्यात मुकाट्यानं जाऊन बसतो. मोजलंच गेलं नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून माणूस नाही.

आता गावात काय आहे ते बघू. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं, किशोरवयीन मुलामुलींसाठी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथं समुपदेशक नेमलेले असतात. पाटी पाहिलेली असते सगळ्यांनी, आत गेलेलं कुणी फारसं भेटत नाही. याच कार्यक्रमासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्ये ‘साथिया’ नावाचं साहित्य काढलं. त्यात, या वयात भिन्नलिंगी किंवा समलिंगी व्यक्तीबद्दलही आकर्षण वाटू शकतं आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे, असं सरकारी शिक्क्यानिशी छापलेलं होतं! मी ते वाचलं तेव्हा दोनदा तारीख तपासली. ३७७ तेव्हा जिवंत होतं. ते साहित्य गावोगावच्या मुलांपर्यंत खरंच पोचलं असतं तर त्या मुलानं मला रात्री साडेदहाला फोन केला नसता.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी सरकारनं ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, तेव्हा आशाताईंना शिकवलं गेलं की घरोघर जाताना कोण गप्प झालंय, कोण जेवत नाही, कोण ‘आता काय राहिलंय’ म्हणतंय हे टिपा आणि पुढं कळवा. म्हणजे निराशा ओळखायला गावातलं माणूस शिकू शकतं, हे सरकारनं एकदा मान्य केलेलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्रानं ‘आत्मीयता’ नावाचा प्रयोग केला: गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला शिकवायचं आणि त्रास मोठा असेल तर दवाखान्यापर्यंत सोबत करायची. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’नं तर हे मोजूनच दाखवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेले समुपदेशक बसवले तर नैराश्य-चिंतेचे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढतं, हे त्यांचं संशोधन २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विशेष म्हणजे हा फरक सरकारी केंद्रांत दिसला, खाजगी दवाखान्यांत तितका दिसला नाही. सरकारी दवाखान्यावर विसंबून काय होणार म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मग एवढं असून अडतं कुठं? मला दोन गोष्टी दिसतात. एक, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला या विषयाचं काहीही शिकवलेलं नसतं. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हनं समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम चालवला, चांगला चालवला, पण आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या ताईला मुंबईला पाठवणार कोण? दुसरी गोष्ट, तिच्या हातात आदेश नसतो. आपल्याकडं माणूस कितीही भला असला तरी ‘वरून काही आलंय का’ हे आधी बघतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून जनजागृती करा, कर्मचाऱ्यांना संवेदनशील करा, कल बदलण्याच्या नावाखालचे ‘उपचार’ थांबवा असं कळवलं. ते पत्र मराठी शासन निर्णय होऊन, सिव्हिल सर्जनच्या सहीनं, तालुक्याच्या टेबलावर येत नाही तोवर त्या ताईसाठी ते आलेलंच नाही.

डॉक्टरांचं शिक्षण हा आणखी वेगळा दुखरा भाग. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढं २०२१ मध्ये दोन मुलींचं प्रकरण आलं, तेव्हा आपल्याला यातलं पुरेसं कळत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि स्वतः समुपदेशकाकडं बसून समजून घेतलं. मग निकाल दिला. त्यातूनच पुढं २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं कल ‘बदलून देणं’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि त्याच आयोगाच्या २०२४ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत आले. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये ते मागं घेतलं गेलं. डॉक्टर होणाऱ्या मुलानं यातून काय शिकावं? म्हणून मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, समुपदेशकाकडं जाण्याआधी फोनवरच विचारून घे: समलिंगी असणं तुम्ही आजार मानता का? मी सांगितलेलं माझ्या घरी सांगाल का? कुणी ‘बदलता येतं’ म्हणालं की तिथंच फोन ठेव. अठरा वर्षांच्या मुलानं डॉक्टरची उलटतपासणी घ्यावी लागणं बरं नाही, मला कळतं. पण आज हाच धडा हाताशी आहे.

जवळच्या आधारावरचा सगळ्यात खरा आक्षेप गुप्ततेचा आहे, आणि तो मला माझ्याच माणसांनी घेतलेला आहे. लहान गावात दवाखान्यातला कारकून तुमच्या मामाचा मित्र असतो. नर्सबाई आत्याच्या नात्यातली निघते. एचआयव्ही तपासणीची खोली गावात सगळ्यांना नंबरासकट माहीत असते. त्या दारात उभं राहिलेलं माणूस संध्याकाळपर्यंत चर्चेत येतं. “सर, लांब आहे म्हणून तर पुणं बरं,” असं मला एक जण म्हणाला, आणि बरीच वर्षं मीही तसंच मानत होतो. आता मानत नाही. लांबचा आधार गुप्त असतो हे खरं, पण तो संकटाच्या रात्री नसतो. ज्याला घरातून बाहेर काढलंय त्याला पुढच्या रविवारच्या भेटीचा काय उपयोग? गुप्ततेवरचा उपाय अंतर वाढवणं हा नाही. या कामासाठी वेगळी पाटी, वेगळं दार नकोच. ताप-खोकल्याच्या त्याच रांगेतून, त्याच केसपेपरवर, सगळे जिथं जातात त्याच खोलीत जाता यावं. आत बसलेल्या एकाच माणसाला माहीत असावं आणि त्यानं बाहेर बोललं तर त्याच्यावर कारवाई होते, हे गावाला एकदा तरी दिसावं.

फोनसेवेबद्दलही असंच. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सुरू आहे, १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी तो सगळ्यांना देतो. वाचणाऱ्या कुणाला आज रात्र जड जात असेल तर त्यानं तो आत्ताच लावावा. पण दोन खोल्यांच्या घरात, जिथं भावाचा फोन बहीण वापरते आणि कॉलची यादी भाऊ तपासतो, तिथं ती मुलगी काय बोलणार? तिच्यापर्यंत पोचणारी बाई आशाताई आहे, हायस्कूलच्या बाई आहेत, अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठीचं सरकारी सखी केंद्र आहे. जन्मघरातल्या मारहाणीविरुद्धही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलीला संरक्षण मागता येतं, हे संरक्षण अधिकाऱ्याला तरी ठाऊक असायला हवं.

आणि आधार नसला की ती जागा रिकामी राहत नाही. गावातल्या मुलाच्या हातात डेटिंग अॅप असतं, ‘समाज’ म्हणून त्याला तेवढाच दिसतो. मग कुणीतरी गोड बोलून हायवेच्या कडेला बोलावतं, तिथं चौघं थांबलेले असतात, मोबाइलमध्ये चित्रण होतं आणि फोनपेवर पैसे मागितले जातात. महिन्याच्या महिन्याला मागितले जातात. ही खंडणी आहे, सरळ गुन्हा आहे, पण पोलीस ठाण्यात काय सांगणार, आणि सांगितलं तर पहिला फोन कुणाला जाणार? एकटेपणाचा असा बाजार भरतो, कारण बोलायला दुसरी जागा आपण ठेवलेली नाही.

“साध्या मानसोपचाराचीच बोंब आहे, त्यात हे कुठं?” असंही म्हणतात. मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही, हे दुःख आम्हा सगळ्यांचं मिळून आहे. पण मी नवीन इमारत मागत नाही. आहे त्या समुपदेशकाला आठ दिवसांचं मराठीतलं प्रशिक्षण, आमच्यातल्याच दोघा-तिघांना मानधन देऊन त्याच्या जोडीला बसवणं, आणि एक आदेश. फुकट राबणाऱ्या कार्यकर्त्यावर गट चालवण्याचे दिवस संपले पाहिजेत. मी अशी तीन चांगली माणसं थकून गप्प झालेली पाहिली आहेत.

भाषेचं महत्त्व मला उशिरा कळलं. माझ्या लहानपणी मराठीत माझ्यासाठी जो शब्द होता ती शिवी होती, आणि चांगला शब्द भेटला तो इंग्रजीत. ज्याला इंग्रजी येत नाही त्यानं स्वतःला काय म्हणायचं? आणि त्याच्या आईनं? मराठीला हे नवं नाही खरं तर. १९२७ पासून र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. लोक त्यांना पत्रं लिहून जे घरात, दारात, डॉक्टरकडं विचारता येत नव्हतं ते विचारायचे आणि कर्वे स्वच्छ मराठीत उत्तर द्यायचे. वाचकांच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. पण प्रश्न विचारणाऱ्याला त्याच्या भाषेत, त्याचा अपमान न करता उत्तर मिळालं पाहिजे, हा आग्रह आपल्याकडं इतका जुना आहे.

त्या मुलाला शेवटी मी आमच्या जिल्ह्यातल्याच एका ‘मैत्री’ क्लिनिकच्या समुपदेशक ताईंकडं पाठवलं. आधी स्वतः जाऊन भेटलो. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, “सर, आम्हाला यातलं काही शिकवलेलं नाही. पण येऊ द्या, ऐकून घेईन.” तो गेला त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. तो बाहेर बाकावर बसला होता आणि त्याला आत बोलावण्याआधी ताईंना मला विचारायचं होतं, “याच्याशी बोलताना कोणता शब्द वापरू? समलिंगी म्हणू, गे म्हणू, काय म्हणू? चुकून लागेल त्याला.” मी म्हटलं, त्यालाच विचारा.

त्यांनी विचारलं. तो म्हणाला, अजून ठरवलं नाही, सध्या नावानं हाक मारा. आणि मग त्यानं त्यांना नाव सांगितलं. मला ते अजून माहीत नाही.